पारा खरे कधी बोलतो? : उन्हाळ्याचे विक्रम आणि ते तपासणारी माणसे



२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस दोन आकडे देशभर फिरले. २९ मे रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवले. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या एका केंद्राने थेट ५६ अंशांचा आकडा दिला. आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी नागपूर-विदर्भाकडे आहे. त्या संध्याकाळी इंदूरच्या मराठी घरांतून तिकडे किती फोन गेले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

जगातले आजवरचे अधिकृत कमाल तापमान ५६.७ अंश आहे. म्हणजे नागपूरचा आकडा खरा असता तर आपले संत्र्यांचे शहर जागतिक विक्रमाच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहिले असते. पण दोन्ही आकडे चुकीचे निघाले. मुंगेशपूरचा सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान विभागाच्या तपासणीत आढळले. नागपूरच्या केंद्रातही सेन्सरचाच बिघाड होता. शहरातल्या इतर ठिकाणी पारा पंचेचाळिशीच्या आत-बाहेर होता.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, हवामानशास्त्रज्ञ नाही. तरीही यंदाच्या पुष्पासाठी हा विषय घेतला, कारण अशा खोट्या विक्रमांचा परिणाम दवाखान्यापर्यंत येतो. छप्पन्न खोटे निघाले की माणूस म्हणतो, "मग चव्वेचाळीसचे एवढे काय!" मोठ्या आकड्याची सवय झालेल्या कानाला धोक्याचा लहान आकडा ऐकू येत नाही. प्रत्यक्षात माणसे दगावतात ती बहुधा त्या लहान आकड्यांवर. म्हणून तापमानाचा आकडा येतो कुठून, त्यावर विश्वास कधी ठेवावा आणि विश्वास ठेवला तरी तो आपल्या शरीराविषयी किती सांगतो, या तीन गोष्टी आपण क्रमाने पाहू.

तापमान म्हणजे कशाचे तापमान?

गच्चीवर उन्हात तापमापक ठेवला तर तो ५५ सुद्धा दाखवील. तो खोटे बोलत नाही. तो स्वतःचे तापमान सांगतो. ऊन अंगावर घेऊन तो तापलेला असतो. मोटारीतल्या काट्यावर दिसणाऱ्या आकड्यात डांबरी रस्त्याची आणि इंजिनाची धग मिसळलेली असते. वेधशाळेला हवे असते ते हवेचे तापमान, तेही सावलीतल्या खेळत्या हवेचे.

त्यासाठी एक साधी लाकडी पेटी वापरतात, तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडमधले दीपगृहे बांधणारे अभियंता, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. मुलाचे पुस्तक जगभर वाचले गेले आणि वडिलांची पेटी जगभर उभी राहिली. पांढरा रंग, चारही बाजूंना दुहेरी झडपा, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंची, खाली गवत किंवा मोकळी माती, आणि आपल्या गोलार्धात दार उत्तरेकडे, म्हणजे दार उघडताना ऊन आत शिरत नाही.

पेटीत चार तापमापक असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. त्यातला कमाल तापमापक आम्हा डॉक्टरांच्या जुन्या थर्मामीटरचा सख्खा भाऊ. दोघांच्याही नळीत एक अरुंद मान असते. पारा चढतो, पण आपोआप खाली उतरत नाही. म्हणून दुपारी तीनला चढलेला पारा निरीक्षकाला संध्याकाळी साडेपाचलाही वाचता येतो, आणि तापाचा थर्मामीटर आपण झटकतो तसाच तोही झटकून पुन्हा लावतात.

या उपकरणांचे आपल्या देशातले घर म्हणजे पुणे. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिथेच १९४८ पासून अण्णा मणी या शास्त्रज्ञ बाईंनी काम केले. बाहेरून येणारी उपकरणे देशात तयार व्हावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे करवून घेतले. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. हे मत पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

एका विक्रमाची उलटतपासणी

शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आपण पाठ केले होते: जगातले सर्वांत उष्ण ठिकाण, अल अझिझिया, लिबिया, ५८ अंश सेल्सिअस, १३ सप्टेंबर १९२२. स्पर्धा परीक्षांत हे उत्तर दिलेली माणसे आज निवृत्त झाली आहेत. हा विक्रम नव्वद वर्षे टिकला आणि मग मोडला. तो मोडला कागदावर; कुठल्या उन्हाळ्याने मोडला नाही.

जगात काही माणसांना हवामानाच्या टोकांचा छंद असतो. सर्वांत तापलेला दिवस, सर्वांत गारठलेली रात्र, एका तासातला सर्वाधिक पाऊस, यांच्या याद्या ती वर्षानुवर्षे ठेवतात. टपाल तिकिटे जमवणाऱ्यासारखा हा छंद वाटेल, पण फरक असा की ही माणसे आपल्या संग्रहातले खोटे तिकीट स्वतःच शोधून बाहेर काढतात. अमेरिकेतले ख्रिस्तोफर बर्ट हे त्यांपैकी एक. अझिझियाच्या आकड्यावर शंका पूर्वीही घेतल्या गेल्या होत्या. बर्ट यांनी त्या एकत्र मांडल्या. जागतिक हवामान संघटनेसाठी विक्रमांची छाननी करणारे रँडी सेर्व्हेनी यांनी चौकशीसाठी अनेक देशांतल्या तज्ज्ञांची समिती केली. तिच्यात लिबियाच्या हवामान खात्याचे खालिद अल फदली होते.

१९२२ साली लिबिया इटलीच्या ताब्यात होता आणि अझिझियाचे केंद्र इटालियन लष्कराच्या ठाण्यात होते. अल फदली यांना त्या ठाण्याच्या नोंदवहीचे मूळ पान मिळाले. चौकशी चालू असतानाच २०११ मध्ये लिबियात क्रांतीचा वणवा पेटला. कित्येक महिने अल फदली यांचा काहीच ठावठिकाणा लागेना. सहकाऱ्यांनी त्यांच्या जिवाची आशा जवळपास सोडली असताना ते सुखरूप असल्याचा निरोप आला, आणि काम पुन्हा सुरू झाले.

त्या एका पानाने काय सांगितले? ११ सप्टेंबरपासून, म्हणजे विक्रमाच्या दोनच दिवस आधी, नोंदी करणाऱ्याचे हस्ताक्षर बदलले होते. नवा माणूस कमाल आणि किमान तापमानाचे आकडे चुकीच्या रकान्यांत लिहीत होता. उपकरणही नेहमीचे नव्हते. ते इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीचे जुन्या पद्धतीचे तापमापक होते. त्यात पारा एक छोटी खूणकाडी ढकलतो, आणि त्या काडीचे खालचे टोक वाचायचे असते. चुकून वरचे टोक वाचले तर तापमान सुमारे ७ अंशांनी जास्त येते. शिवाय उपकरणाखालची जमीन वाळवंटी मातीची नव्हती, डांबरासारख्या काळ्या थराची होती. आसपासच्या केंद्रांवर त्या दिवशी तसे काही दिसत नव्हते, आणि त्याच ठिकाणी नंतरच्या वर्षांत पारा त्या उंचीच्या जवळपासही गेला नाही.

१३ सप्टेंबर २०१२ रोजी, बरोबर नव्वद वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, जागतिक हवामान संघटनेने तो विक्रम रद्द केला. मान गेला कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीकडे: १० जुलै १९१३, ५६.७ अंश. गंमत अशी की बर्ट आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांना हा आकडाही पटत नाही. त्याच डेथ व्हॅलीत आधुनिक उपकरणांनी १६ ऑगस्ट २०२० रोजी ५४.४ अंश नोंदवले. कुवेतच्या मित्रिबा येथे २०१६ मध्ये नोंदलेल्या ५३.९ अंशांना आणि पाकिस्तानातल्या तुर्बतच्या २०१७ मधील ५३.७ अंशांना जागतिक संघटनेने उपकरणे तपासून मान्यता दिली. भारताचा विक्रम राजस्थानातल्या फलोदीच्या नावावर आहे, १९ मे २०१६ रोजी ५१.० अंश. त्याआधी साठ वर्षे तो मान अलवरकडे होता, १९५६ मधल्या ५०.६ अंशांमुळे.

इथे एक इशारा द्यायला हवा. जुना विक्रम खोटा निघाला, म्हणजे जग तापते आहे हेही खोटे, असा तर्क काही जण करतात. तो टिकत नाही. तापत्या जगाचा हिशेब एका केंद्राच्या एका दुपारवर उभा नसतो. तो हजारो केंद्रांच्या आणि समुद्रावरच्या नोंदींच्या वर्षानुवर्षांच्या सरासरीवर उभा असतो. त्या हिशेबाने २०२४ हे जगातले आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत तेच सर्वांत उष्ण.

तीन प्रश्न

या छांदिष्टांची पद्धत आपल्याला घरबसल्या वापरता येते. नवा आकडा आला की ते तीन प्रश्न विचारतात. कशाने मोजले? कुठे मोजले? शेजारी काय म्हणतात? डॉक्टरला हे अगदी ओळखीचे वाटावे. रुग्णाचा ताप अचानक १०८ दिसला तर आपण आधी थर्मामीटर बदलतो, नुकताच गरम चहा घेतला होता का ते विचारतो, आणि कपाळाला हात लावून पाहतो.

नागपूरचे ५६ अंश तिसऱ्याच प्रश्नावर कोसळतात. एकाच शहरात काही मैलांवरची केंद्रे दहा-अकरा अंशांनी वेगळी बोलू शकत नाहीत. रूढ माध्यमांनी तो आकडा छापण्याआधी एवढेच पाहिले असते तरी पुरे होते.

मोबाइलवरचा आकडा हा चौथाच प्रकार. तो बहुधा तुमच्या गल्लीत कोणी मोजलेला नसतो. संगणकाने आजूबाजूच्या माहितीवरून काढलेला अंदाज असतो. तो निरुपयोगी नाही, पण त्याला नोंद म्हणू नये.

शरीराचा पारा

आता माझ्या क्षेत्रात येऊ. समजा आकडा अगदी खरा आहे. तरी तो तुमच्या शरीराविषयी अर्धीच गोष्ट सांगतो.

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास चालते. हवा त्वचेपेक्षा गार असेल तर उष्णता सहज बाहेर जाते. हवा त्वचेपेक्षा तापली की एकच वाट उरते, घाम वाळण्याची. एक लिटर घाम वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घाम वाळला पाहिजे. तो नुसता ओघळून गेला तर पाणी गेले, मीठ गेले, आणि उष्णता अंगातच राहिली.

आपला माठ हेच शिकवतो. इंदुरात मे महिन्यात माठातले पाणी थंडगार होते, पण पणजीच्या नातेवाइकांकडे पावसाळ्यात तोच माठ कोमट राहतो. माठ तोच, हवा पाणी पिऊन तृप्त असेल तर ती माठाचा घाम घेत नाही. स्टीव्हन्सन पेटीतला ओला तापमापक म्हणजे असा छोटा माठ. त्याच्या फुग्याला भिजलेले मलमल गुंडाळलेले असते. तो जे दाखवतो ते घामेजल्या शरीराच्या जास्त जवळचे असते.

हिशेब करून पाहू. मालव्यातली दुपार, ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता: ओला पारा सुमारे २३. कोकण-गोव्याची दुपार, ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता: ओला पारा सुमारे ३०. वर्तमानपत्रात पहिला आकडा ठळक छापला जाईल. शरीराला घाम वाळवणे अवघड जाईल ते दुसऱ्या ठिकाणी. ओला पारा ३५ वर गेला तर सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ मानत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात अलीकडे प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत तरुण निरोगी माणसांचीही मर्यादा ३१ च्या आसपासच आढळली. म्हातारपणी ती आणखी खाली येणार.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर एक मोठा समारंभ झाला. लोक तासन्तास उन्हात बसले होते. तापमान चाळिशीच्या आतच होते. उष्माघाताने १४ माणसे गेली. विक्रमाच्या कुठल्याही यादीत तो दिवस सापडणार नाही. हवामान विभाग म्हणूनच मैदानी प्रदेशासाठी ४० अंश आणि किनाऱ्यासाठी ३७ अंश अशा वेगवेगळ्या पायऱ्यांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतो, आणि त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा पारा किती चढला हेही पाहतो.

आम्हा जैनांच्या अनेकान्ताच्या विचारात एकाच बाजूने पाहून सत्य पुरे होत नाही, असे सांगितले आहे. कमाल तापमान ही उन्हाळ्याची एक बाजू. आर्द्रता ही दुसरी. तिसरी बाजू रात्रीची आहे.

माळव्याची रात्र

'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध' यांच्या जोडीने 'शब-ए-मालवा'चे नाव घेतले जाते. पठाराची उंची, कोरडी हवा, निरभ्र आकाश. दिवसभराची उष्णता सूर्य मावळल्यावर वर निघून जायची. आपल्या आजी-आजोबांनी नवतपाचे नऊ दिवस गच्चीवर पाणी शिंपडून, चादर ओढून काढले. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळत होता.

आता सिमेंट, डांबर आणि काचा दिवसाची उष्णता साठवून रात्री परत देतात. एसी घराची धग गल्लीत सोडतात. हवामान विभागाने 'उष्ण रात्र' अशी वेगळी वर्गवारीच ठेवली आहे: दिवसाचे कमाल तापमान ४० किंवा जास्त असताना रात्रीचे किमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून वर असेल तर ती उष्ण रात्र. माझ्या दृष्टीने वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या चौकटीत सर्वांत महत्त्वाचा आकडा हा किमान तापमानाचा आहे, आणि तोच कोणी वाचत नाही.

शेजारच्या गुजरातचे उदाहरण घ्या. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातल्या मृत्यूंची आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या मे महिन्याशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. या सगळ्यांच्या दाखल्यांवर उष्माघात लिहिलेले नव्हते. हृदय थांबले, मूत्रपिंड निकामी झाले, असेच लिहिलेले असते. उन्हाचे नाव येत नाही. २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्यात ४५ अंशांना लाल इशारा आहे, पण सावधगिरी ४१ च्या पुढेच सुरू होते. तिथल्या एका रुग्णालयाने नवजात बाळांचा कक्ष वरच्या मजल्यावरून खाली आणला, आणि उन्हामुळे आजारी पडणारी बाळे कमी झाली. आपल्या वाड्यातल्या किंवा फ्लॅटमधल्या सर्वांत वरच्या, छताखालच्या खोलीत कोण झोपते? बहुतेक घरांत उत्तर आहे: आजी किंवा आजोबा.

घरात काय करावे

एक साधा कमाल-किमान दाखवणारा डिजिटल तापमापक घ्या. तो घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या खोलीत, ऊन आणि एसीचा झोत न लागणाऱ्या भिंतीवर टांगा. रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहा. रात्रभर खोली ३२-३३ च्या खाली येत नसेल, तर त्या माणसाची जागा खालच्या मजल्यावर हलवा. हे नातवंडांना सांगा. त्यांना छंद लागेल आणि आजोबांवर लक्षही राहील.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांची आणि काही ॲलर्जीची औषधे उन्हाळ्यात शरीराची थंड होण्याची ताकद कमी करू शकतात. ती स्वतःहून बंद करू नका. एप्रिल लागताच आपल्या डॉक्टरांना विचारा. आमच्या समाजात वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला, ऐन उन्हात येते, आणि सूर्यास्तानंतर पाणी न घेणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रद्धेत मी ढवळाढवळ करणार नाही. एवढेच सांगतो की मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अशा दिवसांत आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि बाकीच्यांनी दिवसा मोजून पाणी प्यावे. खिशातल्या कांद्याविषयी मला विचारू नका. आमच्याकडे तो घरातही नसतो, आणि लू लागण्याचा त्याच्याशी संबंध नाही. पन्हे मात्र जरूर प्या, त्यात मीठ, साखर आणि पाणी तिन्ही असते.

आणि एक गोष्ट माझ्या पॅथीविषयी. आमच्या ग्रंथांत उन्हाच्या त्रासासाठी ग्लोनॉइनसारखी औषधे दिलेली आहेत. पण माणूस बरळू लागला, झोक जाऊ लागला, शुद्ध हरपली आणि अंग भाजत असेल, तर कुठल्याही पॅथीच्या गोळ्या शोधत बसू नका. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असेही समजू नका. १०८ ला फोन करा. तोवर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंख्याने वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. शरीराचे तापमान ४० च्या वर जितकी मिनिटे राहते, तितके मेंदूचे आणि मूत्रपिंडाचे नुकसान वाढते.

शेवटी वहीविषयी. अझिझियाचा नव्वद वर्षांचा गोंधळ सुटला, कारण एका लष्करी ठाण्यातले पान कोणीतरी जपून ठेवले होते. आपली घराणी इथे दोन-तीनशे वर्षे आहेत. जुन्या पेट्यांत रोजनिशा आणि पंचांगांच्या समासातल्या नोंदी पडलेल्या आहेत. त्यांत कुठे पहिल्या पावसाची तारीख, विहीर आटल्याचा किंवा असह्य उन्हाळ्याचा उल्लेख सापडला, तर ते पान रद्दीत घालू नका. संस्थेच्या ग्रंथालयाकडे द्या. आणि नव्या वहीची सुरुवात उद्या सकाळी करा, आजोबांच्या खोलीतल्या रात्रीच्या किमान तापमानाने.